सायकलीला क्रमांक नसतो

मोटारीवर क्रमांकाची पाटी असते. तिच्या चालकाचा अपराध त्याच्याच नावावर मांडता येतो. सायकलीला पाटी नाही. म्हणूनच, वाचकहो, तांबडा दिवा ओलांडणारा एक सायकलस्वार मोटारचालकाच्या मनात साऱ्या सायकलस्वारांविषयी अढी निर्माण करून जातो. तिचे फळ मागाहून येणाऱ्या शाळकरी मुलाला भोगावे लागते: हॉर्न कर्कश वाजतो, मोटार त्याला घासून पुढे जाते. हा न्याय नव्हेच. परंतु एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ख्यात असलेल्या पुण्यातही आज सायकलस्वार थोडे उरले आहेत, आणि थोड्यांची पारख एकावरून होते. डावी बाजू, वळताना हाताची खूण, रात्री दिवा: एवढे पाळले, तरी त्या अनोळखी मुलाचे आपण रक्षण केले असे होईल.