मुंबई-कराची : लांबविलेले अंतर

मुंबई आणि कराची या दोन बंदरांमधील हवाई अंतर सुमारे ८७५ किलोमीटर आहे. जेट विमानास त्यासाठी दीड तास पुरतो. तथापि आज हा प्रवास करू इच्छिणाऱ्यास बहुधा दुबईची वाट धरावी लागते. म्हणजे प्रथम १९०० किलोमीटरहून अधिक पश्चिमेस जावयाचे आणि तेथून जवळजवळ १२०० किलोमीटर मागे यावयाचे. मधला खोळंबा धरला तर अर्धा दिवस सहज जातो.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी एका इंजिनाच्या छोट्या विमानातून कराचीची टपाल अहमदाबादमार्गे त्याच दिवशी जुहूस आणली. भारतीय विमानवाहतुकीचा प्रारंभ याच वाटेवर झाला. सिंध तेव्हा मुंबई इलाख्याचाच भाग होता. १९३६ मध्ये तो वेगळा प्रांत झाला. कराचीतील एक जुनी शाळा आजही नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याचे नाव चालविते.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने अंतर म्हणजे केवळ मैल नव्हेत. ते ओलांडण्यास पडणारा पैसा, वेळ आणि खटाटोप होय. यंत्राने हा खर्च घटविला, तरी राज्यसंस्था एका आदेशाने तो वाढवू शकते. जानेवारी १९७१ मध्ये भारतीय विमान लाहोरला पळवून नेण्यात आले आणि पुढे ते जाळण्यात आले. त्यानंतर भारताने आपल्यावरून पाकिस्तानी विमाने जाऊ देणे थांबविले. कराची-ढाका प्रवास श्रीलंकेस वळसा घालून, जवळजवळ दुप्पट लांबीचा झाला. त्या वर्षीच्या घटना पाहता तो निर्णय भारताच्या हिताचाच ठरला, हे मान्य केले पाहिजे.

सर्वच बंदींना हे माप लागू पडत नाही. २०१९ मध्ये पाकिस्तानने आपले आकाश फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत बंद ठेवले. २ जुलैपर्यंत एकट्या एअर इंडियास ४९१ कोटी रुपयांचा तोटा झाल्याचे सरकारने संसदेत सांगितले. एप्रिल २०२५ मध्ये, पहलगाम हत्याकांडानंतर, दोन्ही देशांनी परस्परांच्या विमानांस आकाश बंद केले आणि पुढे महिन्या-महिन्याने ती मुदत वाढविली.

कंपन्यांचा तोटा निदान मोजला तरी जातो. दोन्ही शहरांत विभागलेल्या कुटुंबांचा खर्च कोणत्याच ताळेबंदात येत नाही. कराचीतील भारतीय वकिलात १९९४ मध्ये बंद झाली, तेव्हाच त्यांच्यासाठी मुंबई दूर गेली होती. थेट विमान बंद पडणे ही त्यापुढची पायरी. आजारी बहिणीस भेटण्यासाठी तिसऱ्या देशाचे भाडे भरणारा निवृत्त कारकून कोणत्याही राष्ट्राच्या धोरणास वळण लावू शकत नाही. मग त्याच्यावर हा दंड कशासाठी?

सुरक्षेचा आक्षेप हलका नाही. २००८ मध्ये मुंबईवर चाल करून आलेले मारेकरी कराचीहूनच निघाले होते. परंतु ते समुद्रमार्गे आले. त्यांच्यापाशी ना तिकीट होते ना व्हिसा. उलट विमानाचा उतारू हा सर्वांत अधिक तपासला जाणारा मनुष्य असतो. लष्करी कारणासाठी आकाश बंद करणे आणि तपासलेल्या प्रवाशाचा रस्ता तोडणे या दोन बाबी वेगळ्या ठेवता येतात. १९७१ च्या युद्धानंतर पाच वर्षांतच, १९७६ मध्ये, दोन्ही देशांतील विमाने पुन्हा उडू लागली होती. बंदीची मुदत वाढविताना तिचा खर्च आणि तिने साधलेला हेतू दर वेळी संसदेपुढे मांडावा, एवढी अपेक्षा तूर्त अवाजवी नाही.