फोटोसाठी तेरावी साडी?



अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे सगळे जमतात. आदिनाथांच्या पारण्याची आठवण म्हणून उसाचा रस होतो, आणि मग फोटो. यंदा जाऊबाईंनी ग्रुपवर यादीच टाकली: बायकांना गुलाबी सिल्क, पुरुषांना आणि मुलांना त्याच रंगाचे कुर्ते. चौदा जणांची नवी खरेदी. मला पटलं नाही, आणि मी तसं लिहिलं.

एक तर सिल्क. एका साडीसाठी हजारो कोश गरम पाण्यात टाकतात, बहुतेक आतल्या जिवासकट. पाणी गाळून पिणाऱ्या, रात्री न जेवणाऱ्या आपण तेच नेसून मंदिरात जातो. (माझ्या लग्नातला शालू अजून कपाटात आहे, कबूल करते.)

दुसरं म्हणजे, सासूबाईंनी परिग्रह-परिमाण व्रत घेतलंय. बाह्य परिग्रहांत कुप्य, म्हणजे कपडेलत्तेही आले. त्यांच्या बारा साड्या, मोजलेल्या. यादी ऐकून हळूच म्हणाल्या, "मी मागे उभी राहीन गं." ते मला फार लागलं. घरातलं व्रत ज्यांनी सांभाळलं, त्यांनीच कपड्यांपायी मागे का उभं राहायचं?

मी सुचवलं, रंग त्यांच्या साडीवरून ठरवू. मोरपिशी काठांची पांढरी सुती. मग कुणी पांढरं, कुणी निळं, कुणी हिरवं, कपाटात असेल ते. उन्हाळ्यात सुतीच बरं, मुलं तरी चिडचिडणार नाहीत.

जाऊबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. काल मेसेज आला, "पोपटी चालेल का?"