सहाव्याच फाइटला वर्ल्ड चॅम्पियन!

जपानचा नाओया इनोउए 2012 मध्ये प्रोफेशनल बॉक्सर झाला आणि एप्रिल 2014 मध्ये सहाव्याच फाइटला वर्ल्ड चॅम्पियन! वय 20, म्हणजे आपल्याएवढंच. कोसेई तानाकाने तर 2015 मध्ये पाचव्याच फाइटला टायटल घेतलं, तेही 19 व्या वर्षी.

होस्टेलवर लगेच कुणीतरी म्हणतं, "सेटिंग असेल!" मला नाही पटत. इनोउए लहानपणापासून वडिलांकडे शिकला. चौथ्याच फाइटला जपानचा चॅम्पियन र्‍योइची तागुची समोर होता, पूर्ण दहा राउंड! पुढे तागुचीही वर्ल्ड चॅम्पियन झाला. म्हणजे मेहनत गाळली नाही, सोपे प्रतिस्पर्धी गाळले.

आपल्याकडे टॅलेंट नाही का? नागपूरची अल्फिया पठाण 2021 मध्ये पोलंडला युवा विश्वविजेती झालीच ना! नांदगाव पेठहून शंभरेक किलोमीटरवर अकोल्याच्या क्रीडा प्रबोधिनीत बॉक्सिंग शिकवतात. आपले बॉक्सर मात्र वर्षभर एकमेकांशीच खेळतात, आणि इंटरकॉलेजला पहिल्या राउंडमध्ये गार होतात.

म्हणून जिमखान्याच्या सरांना विनंती: यंदा अकोल्याच्या पोरांना सरावाला बोलवा. आपण मार खाऊ, नक्की खाऊ. पण तो घरच्या मैदानात, वेळेवर खाल्लेला बरा!