बारावा फोटो

दिवाळी जवळ आली की आमच्या घरी माळ्यावरून दोन वस्तू खाली उतरतात. एक चकल्यांचा सोऱ्या आणि दुसरा माझा जुना कॅमेरा. सोऱ्याला दर वर्षी काम मिळते. कॅमेऱ्याच्या वाट्याला मात्र फडक्याने पुसून घेण्यापुरताच मान उरला आहे. फोटो काढण्याचे काम हल्ली फोन करतो, आणि तो बेटा कधी माळ्यावर जातच नाही! पहाटेच्या अभ्यंगस्नानापासून रात्रीच्या शेवटच्या फुलबाजीपर्यंत घरात दोन-तीनशे फोटो सहज निघतात. आणि तरीही दिवाळी सरली की कुणी ना कुणी मला गाठून विचारतोच, "काय हो, एवढे फोटो काढले, पण भिंतीवर लावावा असा एकही का सापडत नाही?"

या प्रश्नाचे उत्तर मला एका बिघडलेल्या फोटोने शिकवले.

१९७४ सालची भाऊबीज. ताईचे सासर सावनेरला. आई आणि मी नागपूरहून छिंदवाड्याकडे जाणाऱ्या छोट्या गाडीने निघालो. अडीच फुटी रुळांवरून जाणारी ती गाडी इतकी सावकाश चालायची, की खिडकीतून शेतातल्या माणसाची खुशाली विचारावी आणि त्याचे उत्तर ऐकून घ्यावे. माझ्या गळ्यात पहिल्या पगारातून घेतलेला आग्फा क्लिक कॅमेरा होता. त्याच्या एका रोलमध्ये फोटो मावायचे बारा. त्यामुळे खटका दाबताना हात कसा मोजून-मापून पुढे यायचा.

सावनेरला अकरा फोटो झाले. ओवाळणीचे ताट झाले, भावजींचा नवा कोट झाला, अंगणातली रांगोळी झाली. बारावा मी राखून ठेवला होता. परत निघताना फलाटावर गाडीपुढे दोन्ही भाच्यांना उभे करायचे आणि तो फोटो एखाद्या स्पर्धेला धाडायचा, असा माझा बेत. भाचे उभे राहिले, मी नेम धरला, खटका दाबला, आणि नेमकी त्याच क्षणी चिवड्याचा डबा सावरीत आई मध्ये आली. धाकट्याचे नाक पुसायचे राहिले होते ना!

"आई, सरक ना! शेवटचा फोटो होता माझा!" मी भर फलाटावर ओरडलो.

"बिघडला का रे?" ती ओशाळून म्हणाली, "मला मेलीला काय ठाऊक! आणि माझा कशाला काढायचा फोटो? पोरांचा काढ."

रोल धुऊन आला. आई हललेली, थोरला भाचा निम्माच, मागची गाडी तिरपी. मी तो फोटो अल्बमात लावला नाही. तो कुठे गेला याची पुढे कित्येक वर्षे मला आठवणही झाली नाही.

आता थोडे सेवाग्रामला जाऊन येऊ. नागपूरहून ते जेमतेम पाऊणशे किलोमीटर. सकाळच्या गाडीने वर्धा गाठले तर संध्याकाळी घरी परत येता येते. हौशी छायाचित्रकाराने एकदा तरी करावी अशी ही यात्रा आहे, आणि तिचे कारण म्हणजे कनू गांधी. नात्याने हे महात्माजींचे पुतण्याचे चिरंजीव, म्हणजे नातूच. आश्रमात वाढलेल्या या तरुणाला फोटो काढण्याची ओढ लागली. घनश्यामदास बिर्लांनी त्याला शंभर रुपये दिले, त्यातून रोलायफ्लेक्स कॅमेरा आला. गांधीजींनी परवानगी दिली, पण तीन अटींवर. फ्लॅश वापरायचा नाही. मला 'असे बसा, तसे बघा' म्हणायचे नाही. आणि या छंदासाठी आश्रमाचा पैसा मिळायचा नाही.

एखादा छायाचित्रकार या अटी ऐकून कॅमेरा विकून मोकळा झाला असता. कनू गांधींनी त्या पाळून महात्माजींच्या अखेरच्या सुमारे दहा वर्षांचे असे फोटो काढले, की ते पाहताना मध्ये कुणी कॅमेरा घेऊन उभे होते याची आठवणच राहत नाही. रोलायफ्लेक्समध्ये बघायची काच वरच्या बाजूला असते. कॅमेरा छातीपोटाशी धरायचा आणि मान खाली घालून पाहायचे. समोरच्याला वाटावे, हा नमस्कार करतो आहे! डोळ्यापुढे यंत्र रोखून धरणाऱ्यापेक्षा असा मान लववणारा माणूस सहज विसरला जातो. तुम्हीही फोन नाकासमोर न धरता छातीजवळ धरून पाहा. लहान मुले आणि बसलेली वडीलधारी माणसे यांचे फोटो एकदम निराळे येतील.

सेवाग्रामच्या कुटीत गेलात की जमिनीवर बसा आणि उजेड कुठून येतो ते बघा. दारातून आणि खिडकीतून तो हळुवार आत येतो, शेणाने सारवलेल्या जमिनीवर पसरतो आणि तिथून पुन्हा वर उठतो. माझी शिकवणी त्या जमिनीवरच झाली असे म्हटले तरी चालेल. त्या तीन अटी मी माझ्या घराला आणि माझ्या गावाला लावून पाहिल्या. त्यांचे फळ सांगतो.

पहिली अट, फ्लॅश नको. दिवाळीत तर ही अट सोन्याची आहे. फ्लॅश पेटला की पणतीची ज्योत मरते आणि माणसाचे कपाळ तेवढे चकाकते. आपल्याकडे दिवाळीच्या दिवसांत साडेपाच ते पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. त्यानंतरची पंधरा-वीस मिनिटे आकाश गडद निळे असते आणि पणत्याही लागलेल्या असतात. फोटो तेव्हाच काढा. काळोख पडल्यावर उजेड आणि अंधार यांची जोडी फार विजोड होते. फोनवर ज्योतीवर बोट टेकवा आणि उजेड जरा खाली ओढा, म्हणजे ज्योत पांढरी न पडता केशरी दिसेल. हात हलत असेल तर फोन पेढ्यांच्या खोक्याला टेकून उभा करा आणि तीन सेकंदांनी आपोआप फोटो निघेल अशी योजना करून बाजूला व्हा. हाताचा थरकाप खोक्याला नसतो.

उजेडाचा हा धडा गावात गिरवायचा असेल तर संध्याकाळी फुटाळ्यावर जा. तलावाच्या पाळीवर सारे नागपूर पश्चिमेकडे तोंड करून उभे असते आणि बुडत्या सूर्याचे फोटो काढते. तो सूर्य उद्याही बुडणार आहे. तुम्ही सूर्याकडे पाठ करा. तोच सोन्याचा उजेड आता समोरच्या चेहऱ्यांवर पडलेला दिसेल. भुट्टा खाणारी मुले, बाकावर दमून टेकलेले आजोबा, नव्यानेच लग्न झालेली जोडपी, सगळी देवासारखी उजळलेली असतात.

दुसरी अट, 'असे उभे राहा' म्हणायचे नाही. आपल्या घरात फोटो म्हटला की सगळे एका ओळीत उभे राहतात आणि फाशीची शिक्षा ऐकल्यासारखा चेहरा करतात. त्यावर उपाय एकच, माणसाला त्याच्या कामात पाहायचे. आजी करंज्यांना मुरड घालताना, वडील आकाशकंदिलाची वायर जोडताना आणि ती उलटी जोडली म्हणून चिडताना, वहिनी रांगोळी काढून झाल्यावर जरा मागे सरून आपल्याच कामाकडे पाहताना. रांगोळीचा फोटो हवा तर स्टुलावर चढा, रांगोळी काढणारीचा हवा तर जमिनीवर बसा.

बाहेर मात्र आधी विचारावे. अनोळखी माणसाचा चेहरा हा काही आपल्या मालकीचा डोंगर नव्हे. विचारले, तो हो म्हणाला, की लगेच खटका दाबू नका. पाच-दहा मिनिटे थांबा. माणूस तुम्हाला विसरून पुन्हा आपल्या कामाला लागेल. यासाठी कळमना बाजारासारखी शाळा नाही. आंबिया बहाराची संत्री ऑक्टोबर ते डिसेंबरपर्यंत तिथे येतात आणि जमिनीवर त्यांचे केशरी ढीग लागतात. नवशिका ढिगांचे फोटो काढतो. जरा थांबणारा माणूस भाव ठरण्याची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याकडे बघतो. वर्षभराची मेहनत त्याच्या समोर पडलेली असते आणि तिची किंमत दुसराच कुणी बोलणार असतो. तो चेहरा 'जरा हसा' म्हणून मिळत नाही.

दीक्षाभूमीवरही हेच अनुभवाला येते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथे धम्मदीक्षा घेतली. दर वर्षी त्या सोहळ्याच्या दिवसांत लाखो माणसे येतात. सगळे कॅमेरे स्तूपाच्या भव्य घुमटाकडे वळलेले असतात. पुस्तकांच्या दुकानांशी जाऊन उभे राहा. लांबच्या गावाहून आलेली एखादी आई नातवासाठी पुस्तक निवडते, पदराच्या गाठीतून पैसे काढते, आणि पुस्तक पिशवीत ठेवण्याआधी एकदा त्यावरून हात फिरवते. घुमट जितका मोठा, तितकाच मला तो हात मोठा वाटतो.

तिसरी अट पैशाची. दर दिवाळीला एखादा तरुण मला विचारतो, "काका, कोणता कॅमेरा घेऊ?" मी सांगतो, घरात जो आहे तोच घे आणि बाराच फोटो काढ. दिवसाला बारा, तेरावा नाही. शंभर फोटो काढणारा माणूस बघायचे काम यंत्रावर टाकतो. बारा काढणाऱ्याला स्वतःलाच बघावे लागते. त्रिपुरी पौर्णिमेला रामटेकला जाणार असाल तर ही अट तिथे पाळून पाहा. अंबाळा तलावाकडून पायऱ्या चढता चढताच मोह पडायला लागेल. पण वर गडावर दिवे लागतील तेव्हा हाती पाच-सहा तरी शिल्लक असू द्या.

या तीन अटी कनू गांधींच्या. चौथी मला माझ्या ताईने घातली.

आई गेली तेव्हा घरात सगळे माझ्याकडे पाहू लागले. हार घालायला फोटो हवा होता आणि घरातला छायाचित्रकार मी. बारा अल्बम काढले. सणवार होते, सहली होत्या, रामटेकचे सूर्योदय तर तऱ्हेतऱ्हेचे होते. आई कुठेच नव्हती. ती सदैव वाढत होती, कुणाची वेणी घालत होती, किंवा 'पोरांचा काढ' म्हणून बाजूला झालेली होती. आणि मीही तिला बाजूला होऊ दिले होते. एक फोटो निघाला तो तिच्या लग्नानंतर स्टुडिओत काढलेला. त्यातली घाबरलेली मुलगी आम्हा भावंडांपैकी कुणीच कधी पाहिलेली नव्हती.

तेराव्याला ताई सावनेरहून आली. ट्रंकेतून आणलेले एक पाकीट तिने माझ्या हाती दिले. आत तोच बारावा फोटो होता. मी टाकून दिलेला तिने उचलून ठेवला होता. फलाट, तिरपी गाडी, काखेत चिवड्याचा डबा, आणि नातवाचे नाक पुसायला वाकलेली, तोंडभर हसणारी आई. जरा हललेली, पण हुबेहूब तीच. मागे ताईने पेन्सिलीने लिहिले होते : आई, दोन्ही मुले, सावनेर, भाऊबीज १९७४.

तो फोटो आता आमच्या बैठकीत आहे. २०१५ साली ती छोटी गाडी बंद झाली आणि तिच्या जागी रुंद रूळ आले. मोतीबागेत छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे. नातवंडांना घेऊन जरूर जा, तिथे इंजिने आणि डबे पाहता येतात. परंतु भरल्या फलाटावर उभी असलेली ती गाडी पाहायची झाली, तर मला आमच्या बैठकीतच यावे लागते. शेकडो वेळा तिने प्रवास करूनही तिचा वेगळा फोटो मी एकदाही काढला नाही. रोजचीच होती ना! रोजचे माणूस आणि रोजची गाडी, दोन्ही कायमची असतात अशी आपली समजूत असते.

म्हणून चौथी अट अशी. दिवाळी आटोपली की शंभर फोटोंतून बारा निवडा, ते कागदावर छापून घ्या आणि मागे पेन्सिलीने नाव, गाव, साल लिहा. फोन हरवतात, बिघडतात, बदलतात. पाकीट ट्रंकेत राहते. नाव लिहिलेले नसेल तर पन्नास वर्षांनी तुमची आजी ही कुणीतरी एक आजी होऊन बसते. आणि निवडताना हललेला, बिघडलेला फोटो टाकण्यापूर्वी घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी दाखवा. मला दिसले नाही ते ताईला दिसले होते.

अकरा फोटो हवे त्याचे काढा, वाचकहो. बारावा राखून ठेवा, आणि जे माणूस आधीच्या अकरांत कुठेच नाही त्याचा काढा. ते बहुधा स्वयंपाकघरात सापडेल.

हे लिहून होईपर्यंत आतून हाक आली. मी फोन छातीशी धरून, मान लववून, दाराच्या चौकटीत जाऊन उभा राहिलो. सौभाग्यवती कढईपाशी होत्या, कपाळावर घाम, खिडकीचा उजेड एका गालावर.

"नुसते उभे काय राहिलात?" त्या वर न बघता म्हणाल्या, "झारा द्या इकडे. चकल्या जळतील."

खटका दाबला आणि मगच झारा दिला. दोन चकल्या जळाल्या. फोटो चांगला आला आहे.