दोन रेषांच्या मधले वीस मीटर

दहावीच्या भूगोलाचे पुस्तक घेऊन बसलेली मुले एका पानावर हमखास अडतात. पान असते नकाशाचे, पण त्यात ओळखीचे काहीच दिसत नाही. नुसती एकात एक अडकलेली तपकिरी वेटोळी आणि मधूनमधून १००, २००, ३०० असे आकडे. कुणीतरी अंगठ्याचा ठसा मोठा करून छापावा, तसे ते चित्र दिसते. मुले आईला विचारतात, आई बाबांकडे बोट दाखवते आणि बाबा ‘सरांना विचार’ म्हणून वर्तमानपत्रात डोके खुपसतात. परीक्षेपुरती व्याख्या पाठ होते. समुद्रसपाटीपासून सारख्या उंचीवरची ठिकाणे जोडणारी रेषा म्हणजे समोच्च रेषा. दोन गुण मिळतात आणि विषय संपतो.

खरे तर ही वेटोळी समजायला शाडूच्या मातीचा एक गोळा पुरेसा आहे. गणपतीच्या दिवसांत घरात उरलेली माती घ्यावी. एका बाजूने उभा, दुसऱ्या बाजूने उतरता असा छोटा डोंगर करून तो पसरट पातेल्यात ठेवावा. पातेल्यात एक सेंटिमीटर पाणी ओतावे आणि पाणी जिथे डोंगराला टेकते तिथे काडीने सभोवती रेघ ओढावी. पुन्हा एक सेंटिमीटर पाणी, पुन्हा रेघ. असे माथ्यापर्यंत करून पाणी काढून टाकावे आणि डोंगराकडे सरळ वरून पाहावे. उभ्या बाजूच्या रेघा एकमेकींना खेटून बसलेल्या दिसतील, उतरत्या बाजूच्या लांब लांब. रेघा जवळ तिथे चढ छातीवर येणारा, रेघा दूर तिथे चढ सोपा. नकाशा वाचण्याची निम्मी विद्या एवढ्यात आली.

ही युक्ती डोंगरांच्या बाबतीत गाजली ती स्कॉटलंडमध्ये. १७७४ साली शिहॅलियन नावाच्या डोंगराजवळ ओळंबा किती ओढला जातो हे मोजून पृथ्वीचे वजन काढण्याचा प्रयोग झाला. त्यासाठी डोंगराचे आकारमान ठाऊक असणे जरूर होते. गणिताचे काम चार्ल्स हटन यांच्याकडे आले. कागदावर उंचीच्या आकड्यांचा नुसता सडा पडलेला, त्यातून डोंगर काही दिसेना. हटन यांनी सारख्या उंचीचे आकडे रेषेने जोडले आणि डोंगराचा आकार कागदावर उभा राहिला. नदीच्या आणि समुद्राच्या तळाची खोली दाखवायला अशा रेषा युरोपात त्याआधीही काढल्या जात होत्या.

आपल्याकडे हे नकाशे तयार करते ती १७६७ साली स्थापन झालेली भारतीय सर्वेक्षण संस्था. तिचे मुख्य कार्यालय डेहराडूनला आहे. तिच्या स्थलनिर्देशक नकाशावर, म्हणजे ज्याला गिर्यारोहक ‘टोपोशीट’ म्हणतात त्यावर, नेहमीचे प्रमाण असते १:५०,०००. कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा अर्धा किलोमीटर. समोच्च रेषा तपकिरी असतात आणि साधारणपणे दर २० मीटर उंचीला एक रेषा येते. या वीस मीटरला म्हणतात समोच्च अंतर. प्रत्येक पाचवी रेषा जाड असते, म्हणजे एका जाड रेषेवरून दुसरीवर गेलात की शंभर मीटर चढलात. हे शंभर मीटर कागदावर एका सेंटिमीटरमध्ये मावत असतील, तर पाच पावलांमागे एक पाऊल वर, असा चढ. तेच दोन मिलिमीटरमध्ये कोंबलेले असतील, तर चढ थेट ४५ अंशांचा. रेषा इंग्रजी ‘व्ही’सारख्या वळून त्यांचे टोक उंचीकडे गेले असेल तर तिथे ओढा किंवा घळ समजावी. टोक उताराकडे असेल तर डोंगराची सोंड.

इथपर्यंत सगळे पुस्तकात असते. पुस्तकात सहसा नसते ते पुढचे. नकाशा रेषेवर बोलतो आणि दोन रेषांच्या मध्ये गप्प बसतो.

कळसूबाईचेच उदाहरण घ्या. महाराष्ट्रातले हे सर्वांत उंच शिखर १६४६ मीटरचे. वीस-वीस मीटरने मोजत गेले की शेवटची रेषा येते १६४० ला. त्यावरचे सहा मीटर कुठल्याच रेषेत बसत नाहीत. म्हणून शिखराशी टिंब देऊन उंचीचा आकडा वेगळा छापावा लागतो. शिखराचे हे ठीक. पण समजा, वाटेत ७१८ मीटरवरून ७०३ मीटरवर सरळ तुटलेला कडा आहे. म्हणजे पंधरा मीटर, चार-पाच मजली इमारतीएवढा. ७०० ची रेषा त्याच्या खाली, ७२० ची त्याच्या वर. कडा दोघींच्या मधून निसटतो. नकाशावर सोपी दिसणारी उतरण संध्याकाळच्या अंधूक उजेडात अशा जागी येऊन थांबते. सह्याद्रीच्या अनुभवी वाटाड्याला नकाशा ठाऊक नसला तरी हा कडा ठाऊक असतो. म्हणूनच नकाशा हाती असला तरी गावातल्या माणसाला वाट विचारण्यात कमीपणा मानू नये.

डोंगरात एखाद्याची वाट चुकते. नदीकाठी मात्र याच वीस मीटरांत गावेच्या गावे येतात.

धरणाच्या जलाशयाचा काठ म्हणजे पाण्यानेच जमिनीवर ओढलेली समोच्च रेषा. पातेल्यातल्या पाण्याने ओढली तशीच. नर्मदेवरच्या सरदार सरोवराची पूर्ण पातळी नर्मदा जलविवाद लवादाने १९७९ च्या निवाड्यात ठरवली ४५५ फूट, म्हणजे १३८.६८ मीटर. नकाशावर ही रेषा शोधायला गेले तर ती सापडत नाही. १२० ची सापडते, १४० ची सापडते. ज्या रेषेवर माणसांचे घर राहणार की जाणार हे ठरायचे, ती या दोघींच्या मधल्या कोऱ्या जागेत कुठेतरी.

सातपुड्याच्या उभ्या उतारांवर या दोन रेषा एकमेकींजवळ असतात. पाणी मीटरभर चढले तर काठ थोडाच सरकतो. मध्य प्रदेशातल्या निमाडच्या सपाट, काळ्या जमिनीत तसे नाही. शंभर मीटरला एक मीटर असा उतार असेल, तर पाणी एक मीटर चढले की काठ शंभर मीटर पुढे येतो. तेवढ्यात एक गल्ली, एक देऊळ, एखाद्याचे सगळे शेत जाते. म्हणजे उंची मोजताना मीटरभर चूक झाली, तर एखादे घर कागदावर कोरडे राहते आणि प्रत्यक्षात पाण्यात जाते. शिवाय पुराच्या वेळी जलाशयाचे पाणी पातेल्यातल्यासारखे अगदी सपाट नसते. धरणापासून वरच्या अंगाला ते काहीसे चढत जाते. त्यामुळे बुडिताची हद्द ठरवताना या फुगवट्याचा वेगळा हिशेब करावा लागतो.

अक्कलकुवा तालुक्यातल्या मणिबेलीत १९९३ मध्ये घरे पाण्याखाली गेली. बुडितात आलेल्या महाराष्ट्रातल्या ३३ गावांपैकी ते एक. पुढे धरणाची उंची टप्प्याटप्प्याने वाढत गेली आणि सप्टेंबर २०१९ मध्ये जलाशय पहिल्यांदा १३८.६८ मीटरपर्यंत भरला. तेव्हा निमाडातल्या निसरपूर, चिखलदा अशा गावांतून पाणी शिरले. धरण हवे की नको, या वादाच्या दोन बाजू आहेत. पण रेषेच्या आतला माणूस ‘बाधित’ ठरतो आणि बाहेरचा ठरत नाही, हे दोन्ही बाजूंना मान्य आहे. म्हणूनच अशा ठिकाणी वीस मीटरचा नकाशा चालत नाही. प्रत्यक्ष जागेवर दुर्बीण आणि मोजपट्टी लावून घराच्या उंबऱ्याची उंची घ्यावी लागते. मोजणी करायला कोणी दारात आले, तर आपल्या उंबऱ्याचा आकडा विचारून लिहून ठेवण्याचा हक्क आणि शहाणपण घरच्यांचे आहे.

हीच रेषा माणूस आपल्या हातानेही ओढू शकतो, आणि ती तारक ठरते. राळेगणसिद्धी, हिवरेबाजार या नगर भागातल्या गावांनी उघड्या टेकड्यांवर समतल चर खणले. चर उताराच्या दिशेने खणला तर पाणी माती घेऊन पळते. एकाच उंचीवरून, टेकडीला वळसा घालत खणला तर पाणी अडते, थांबते आणि जमिनीत मुरते. त्यासाठी महागडे यंत्र लागतेच असे नाही. गवंडी भिंतीची पातळी पाहायला पाणी भरलेली पारदर्शक नळी वापरतो, तीच पुरते. नळीची दोन टोके दोघांनी धरायची. दोन्हीकडचे पाणी जिथे सारख्या उंचीला थांबेल, त्या दोन जागा एका रेषेवरच्या.

मुलांना समोच्च रेषा शिकवायची असेल तर सुटीच्या दिवशी ही नळी घेऊन गच्चीवर किंवा अंगणात जावे. सपाट वाटणाऱ्या अंगणातही पाणी कुठून कुठे जाते ते कळेल. आणि पुस्तकातल्या त्या पानावर मुले पुन्हा आली, की आधी बारीक अक्षरात छापलेले समोच्च अंतर वाचायला सांगावे. नकाशा काय सांगत नाही, हे त्या आकड्यावरूनच कळते.