टाके पडल्यावरची खाज आणि आपली दया



आपल्या या शेती व आरोग्याच्या पानावर नेहमी सोयाबीनवरची कीड, लसणाची साठवण, गाईम्हशींचा लाळ्या-खुरकूत असे विषय येतात. आज मी एका लहान कुत्रीविषयी लिहिणार आहे. फादरना आता दुसरे काम उरले नाही, असे कोणी म्हणेल. म्हणोत. पण गेल्या पावसाळ्यापासून रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या ओट्यावर तीन वेगवेगळ्या घरांतून मला एकच प्रश्न आला : "फादर, कुत्रीचे ऑपरेशन करून आणले. आता ती सारखी पोट खाजवते, टाके चाटते. काय लावू?"

माझे भांडण या शेवटच्या दोन शब्दांशी आहे. खाज का सुटली, हे कोणी विचारीत नाही. काय लावू, एवढेच.

मी स्वतः शहाणा होतो असे मात्र समजू नका. अन्नपूर्णा भागात राहणाऱ्या आपल्या एका आजींची मुलाकडची शेती राऊच्या बाजूला आहे. राहते घर शहरात. घरात चिंगी नावाची सहा किलो वजनाची पांढरी कुत्री. मुलाने तिचे ऑपरेशन करून आणले. डॉक्टरांनी गळ्यात प्लास्टिकचा भोंगा घातला आणि टाके काढीपर्यंत तो काढू नका म्हणून बजावले. चौथ्या दिवशी संध्याकाळी मी आजींना कम्युनिअन द्यायला गेलो. चिंगी कोपऱ्यात बसली होती. मध्येच उठायची, मागच्या पायाने पोट खाजवायला जायची, भोंगा दाराला आपटायचा, पुन्हा बसायची. आजी म्हणाल्या, "फादर, बघवत नाही हो. एक रात्र काढू का?" मी म्हटले, "काढा आजी. एका रात्रीने काय होते?"

एका रात्रीने कातडीचे तीन टाके गेले. सकाळी अंथरुणावर रक्त, आणि जखम दोन बोटे उघडी. आतली शिवण टिकली होती, म्हणून जीव वाचला. पुन्हा भूल, पुन्हा टाके, पुन्हा पहिल्यापासून दिवस मोजणे. दुसऱ्या वेळचा खर्च आजींनी पेन्शनमधून केला. मी अर्धा देऊ केला तेव्हा त्या रागावल्या. तो राग मला पैसे घेतले असते त्यापेक्षा जास्त लागला.

आपण शेतकरी माणसे. गोऱ्हा खच्ची करणे आपल्याला नवे नाही. पूर्वी दगडाने ठेचीत. तो प्रकार क्रूरच होता. मग बर्डिझोचा चिमटा आला. त्याने कातडी न कापता आतली नस चेपली जाते. उघडी जखम नाही, टाका नाही. काही दिवस सूज राहते आणि गोऱ्हा चरायला लागतो. कुत्रीच्या ऑपरेशनलाही आपण मनातल्या मनात तेच माप लावतो, आणि तिथेच फसतो. कुत्रीचे पोट उघडावे लागते. बीजकोश आणि बहुधा गर्भाशयही काढतात. मग पोटाचा आतला थर, त्यावरचा थर, शेवटी कातडी असे थराथराने शिवतात. बाहेर दिसतात ते चार-सहा टाके. खरी शिवण आत आहे, आणि पोटातली आतडी त्या शिवणीने धरून ठेवलेली असतात. घरातल्या बाईचे सिझेरियन झाले तर तिला आपण सव्वा महिना हंडा उचलू देत नाही. कुत्रीला दुसऱ्या दिवशी मळ्यात मोकळे सोडतो.

आता खाजेविषयी. खाज एक नसते. जखम भरू लागली की ती थोडी खाजतेच. आपल्यालाही खपली धरताना खाजते. ऑपरेशनपूर्वी पोटावरचे केस मशीनने काढतात. नाजूक कातडीच्या लहान कुत्रीला त्या पात्याने चरचरते, एकदोन दिवसांत बारीक लाल पुरळ उठते. पुढे केसांचे खुंट उगवू लागले की तेही टोचतात. काहींच्या कातडीला आयोडीन किंवा स्पिरिट सोसत नाही, काहींना चिकटपट्टी सोसत नाही. टाक्याच्या दोऱ्याभोवती कधी कधी बारीक गाठ धरते, कारण शरीर त्या दोऱ्याला परका समजते. हे सगळे पोटापुरते असते आणि बहुतेक वेळा दिवसागणिक कमी होते.

पण कुत्री शेपटीच्या मुळाशी आणि पाठीवर चावे घेत असेल, तर दोष ऑपरेशनचा नाही, पिसवांचा आहे. ओला पांढरा कपडा तिच्या पाठीवर केसांच्या उलट दिशेने फिरवून पाहा. काळे कण आले आणि ते ओल्या कपड्यावर तांबडे पसरले, तर ती पिसवांची घाण आहे. तिच्यात रक्त असते. कानाच्या कडा, कोपरे खाजत असतील आणि केस झडत असतील, तर खरूज. गोचीड तर आपल्या माळव्यात पावसाळ्यात प्रत्येक गोठ्यात आहे, आणि गोचिडामुळे नुसती खाज होत नाही, ताप येऊन रक्तही उतरते. या गोष्टी ऑपरेशनच्या आधी पाहायच्या असतात. पेरणीपूर्वी तण काढतो तसे. आपण टाके पडल्यावर पाहतो, मग त्या कुत्रीला अंघोळही घालता येत नाही, कारण टाके निघेपर्यंत जखमेला पाणी लागता कामा नये.

आणखी एक प्रकार आहे. तो क्वचित होतो, पण झाला तर थांबायला वेळ नसतो. इंजेक्शन किंवा गोळी दिल्यावर थोड्या वेळात तोंड सुजले, अंगभर गांधी उठल्या, श्वास लागला, तर घरचा उपाय शोधू नका. तसेच उचला आणि डॉक्टरकडे न्या.

लोक लावतात काय? मी ऐकलेले सांगतो : हळद, खोबरेल आणि कापूर, कडुनिंबाचे तेल, रॉकेल, ट्रॅक्टरचे जळके ऑईल, फिनाईल. हळदीविषयी मला आदर आहे. पण डब्यातली हळद निर्जंतुक नसते. ती टाक्यांत जाऊन बसते, आणि खाली लाली वाढते आहे की पू धरतो आहे, हे दिसेनासे होते. तेलाने धूळ चिकटते, आणि तेल लावले की कुत्री दुप्पट चाटते. जळके ऑईल आणि फिनाईल हे विष आहे. कातडीवर लावलेले तिच्या पोटात जाते, कारण ती चाटणारच.

त्याहून मला भीती वाटते ती गोठ्यातल्या कपाटाची. गाईला गोचिडावर लावायचे औषध, गुरांचे आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन, बैल लंगडला तेव्हाचे उरलेले दुखण्याचे औषध. हिशेब करा. बैल चारशे किलोचा, चिंगी सहा किलोची. "दोनच थेंब दिले फादर," असे म्हणणाऱ्याने ते थेंब कशाच्या प्रमाणात मोजले? डायक्लोफेनॅक जनावरांसाठी वापरण्यावर आपल्या देशात 2006 साली बंदी आली, कारण ते दिलेल्या मेलेल्या गुरांचे मांस खाऊन गिधाडे संपत आली होती. माणसांसाठी ते औषध अजून मिळते, आणि पाठदुखीच्या गोळ्या म्हणून घराघरांत असते. ती गोळी किंवा आयबुप्रोफेन कुत्र्याला दिले, तर पोटात व्रण पडतात, मूत्रपिंडे बिघडतात. पॅरासिटामॉलही आपल्या मनाने देऊ नये. दुखण्याचे आणि खाजेचे औषध डॉक्टर वजन पाहून देतात, तेवढेच द्यावे.

आता चाटण्याविषयी, कारण इथे मला पवित्र शास्त्राची साक्ष काढून गप्प करतात. एका भल्या गृहस्थांनी मला विचारले, "फादर, लाजरसचे फोड कुत्रे चाटत होते ना? कुत्र्याच्या जिभेत औषध असते." संत रॉकच्या तसबिरीतला कुत्राही त्यांनी पुढे केला. मी म्हटले, संत लूक स्वतः वैद्य होते. कुत्रे येऊन चाटत, एवढे त्यांनी लिहिले. फोड बरे झाले असे लिहिले नाही. पुढच्याच ओळीत लाजरस मरतो. कुत्र्याच्या लाळेत काही जंतूंना आवरणारे थोडेफार गुण आहेत, हे खरे. पण त्याच तोंडात इतर जंतूंचा बाजार भरलेला असतो, जीभ खरखरीत असते, आणि चाटता चाटता कुत्री दातांनी टाका धरून ओढते. रानातल्या ओरखड्याला जे चालते ते शिवलेल्या पोटाला चालत नाही.

दुसरे एक जण तेलाच्या बाजूने दयाळू शोमरोन्याला घेऊन आले. त्याने जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला होता. बरोबर. पण त्याने त्या माणसाला उचलून उतारशाळेत नेले, रात्रभर पाहिले, निघताना दोन दिनार दिले आणि जास्त लागले तर परतताना देईन म्हणाला. आपण त्याच्याकडून तेल तेवढे घेतो.

म्हणून भोंगा. तो नाकाच्या टोकापुढे थोडा तरी आला पाहिजे, नाहीतर ती मान वाकवून पोचतेच. गळ्याशी दोन बोटे जावीत इतका सैल. विकतचा परवडत नसेल तर प्लास्टिकच्या जुन्या बादलीचा तळ कापून, कडेला कापड शिवून करता येतो. काही कुत्र्यांना लहान मुलाचे सुती बनियन चांगले बसते. मात्र ते रोज बदलावे, आणि एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात ओलसर राहू देऊ नये. जेवताना कोणी समोर बसणार असेल तर भोंगा काढायला हरकत नाही. घास संपला की पुन्हा घालायचा. रात्री काढायचा नाही. रात्री तर नाहीच.

टाके दहा ते चौदा दिवसांनी काढतात. काही दोरे आपोआप विरघळतात, ते आधी विचारून घ्यावे. तोवर सकाळ-संध्याकाळ जखम उजेडात पाहावी. पहिले काही दिवस किंचित लाली आणि सूज चालते. लाली पसरत चालली, पू किंवा वास आला, फट दिसली, रक्त ठिबकू लागले, कुत्रीने खाणे सोडले, तर त्याच दिवशी दाखवावे. खाजेला आराम हवा असेल तर थंड पाण्यात पिळलेला स्वच्छ कपडा बाजूच्या लाल कातडीवर पाच-दहा मिनिटे धरा, टाक्यांवर नव्हे. महूला जनावरांच्या डॉक्टरांचे कॉलेज 1955 पासून आहे. अन्नपूर्णेहून ते वीसेक किलोमीटर. बटाट्याची गाडी महूला नेताना आपल्याला हे अंतर लांब वाटत नाही.

काहींचा आक्षेप वेगळाच आहे. कुत्रीचे ऑपरेशन म्हणजे देवाच्या योजनेत ढवळाढवळ, असे त्यांना वाटते. माणसाच्या बाबतीत ख्रिस्तसभा जे शिकवते ते जनावराला तसेच्या तसे लागू होत नाही. लागू असते तर आपल्या एकाही गोठ्यात बैल नसता. आणि दर हिवाळ्यात पिल्लांचे पोते नाल्याकाठी कोण ठेवून येते, हे मला ठाऊक आहे. पापनिवेदनातून नव्हे, नाल्याकाठून चालत येताना. शिवाय माजावर येऊन गेलेल्या कुत्रीच्या गर्भाशयात पुढे पू धरतो आणि ती मरते, हेही आपण पाहिले आहे. ऑपरेशनाने तो धोका टळतो.

खर्चाचा आक्षेप मला अधिक पटतो. 1992 च्या कॅथोलिक धर्मशिक्षणग्रंथात दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी आहेत : मुक्या प्राण्यांना विनाकारण दुःख देणे माणसाला शोभत नाही, आणि माणसांची गरज भागवण्यासाठी जो पैसा आधी लागायला हवा तो जनावरांवर उधळू नये. कुत्र्याच्या वाढदिवसाला केक कापणारी घरे इंदूरमध्ये आहेत. त्यांच्यासाठी मी हे लिहीत नाही. पण ज्याने कुत्रीला घरचा राखणदार म्हणून ठेवले आणि तिचे पोट उघडायला सांगितले, त्याने ते नीट मिटेपर्यंत पाहावे, हे चैनीत मोडत नाही. त्याला पैसा थोडा लागतो. लागते ते रोज दोनदा खाली वाकून पाहणे.

चिंगीचे टाके दुसऱ्यांदा चौदाव्या दिवशी निघाले. आजींच्या मुलाने आता राऊच्या शेतावरच्या कुत्रीचेही ऑपरेशन करून घेतले आहे. चिंगीचा भोंगा तिला लहान पडला, म्हणून त्याने बादलीचा केला. परवा मी मळ्यावर गेलो तेव्हा तिचा सहावा दिवस होता. ती खोपीच्या दाराशी बादली आपटीत होती आणि आजी बाजेवर बसून माझ्याकडे पाहत होत्या. मी काही बोललो नाही.