चोर पाहुणा, संशय पारध्यावर!

शिरूर-दौंडकडे लग्नघरातून एखादा डाग नाहीसा झाला की बोट प्रथम पारध्याच्या पालाकडे वळते. आवतण देऊन बोलाविलेल्या सोयऱ्याकडे मात्र कोणी पाहत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच!

बंधूंनो, कायदा काय म्हणतो ते ऐका. पाहुण्यास घरात येण्याची मुभा दिली म्हणून वस्तू उचलण्याची मुभा त्यास मिळत नाही. राहत्या घरातील चोरीस १८६० च्या दंडविधानात कलम ३८० खाली सात वर्षांपर्यंत कैद व दंड होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ खाली तीच शिक्षा आहे. ‘मी आमंत्रित होतो, नात्याचा होतो’ ही सबब तेथे चालत नाही.

जन्मावरून माणसास चोर ठरविणारा, १८७१ पासून चालत आलेला गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली रद्द झाला. तो आपल्या मनातून कधी रद्द होणार? डाग गेला तर काठ्या घेऊन पालावर धावू नका. ठाण्यात फिर्याद द्या, तिची नक्कल फुकट मिळते ती मागून घ्या, आणि घरात कोण कोण होते ते खरे सांगा. मग त्यात व्याही असो की जावई. चोर लपविल्याने घराची अब्रू राहत नाही. निरपराध्याच्या पाठीवर वळ उठविल्याने ती जाते मात्र!